कॉम्प्युटर चालू होत नाही? एसएमपीएस घरच्या घरी असा तपासा

बटण दाबले तरी कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावसारख्या ठिकाणी अशा वेळी एकच मार्ग सुचतो. कॅबिनेट गोधडीत गुंडाळायचे, जीपमध्ये मांडीवर घ्यायचे आणि चांदसैली घाट उतरून तळोदा, शहादा किंवा थेट नंदुरबार गाठायचे. दुकानदार केबल लावतो, बटण दाबतो आणि कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू होतो. "याला काही झालेले नाही, घेऊन जा," असे ऐकून माणूस परत येतो. घरी बटण दाबले की पुन्हा तेच.

यात दुकानदार खोटे बोलत नसतो आणि ग्राहकही नाही. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, थकत आला असेल तर तो दुकानातल्या चांगल्या व्होल्टेजवर चालतो आणि घरातल्या संध्याकाळच्या पडलेल्या व्होल्टेजवर अडतो. म्हणूनच ही तपासणी घरी करणे हे नुसते पैसे वाचवणे नाही. बिघाड जिथे दिसतो, तपासणीही तिथेच व्हायला हवी.

हा प्रश्न छोटा वाटला तरी त्याचे परिणाम छोटे नाहीत. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा असे अनेक अर्ज ऑनलाइन झाले. अर्जाच्या शेवटच्या तारखेला गावातल्या सेवा केंद्राचा एकुलता एक कॉम्प्युटर बंद पडला, तर अडचण केवळ केंद्रचालकाची राहत नाही.

एसएमपीएस नेमका काय करतो?

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज येते. मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि प्रोसेसर यांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर डीसी वीज लागते. हा बदल एसएमपीएस करतो. त्यासाठी तो आधी एसीची डीसी करतो, ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि शेवटी गाळून स्थिर करतो.

बहुतेक असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये एटीएक्स पद्धतीचा एसएमपीएस असतो. हे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणले. त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी तारांचे रंग, पिनांची जागा आणि व्होल्टेज ठरलेले असते. घरी तपासणी करता येते ती या सारखेपणामुळे. काही ब्रँडेड ऑफिस कॉम्प्युटरमध्ये मात्र कंपनीचा वेगळा कनेक्टर असतो. मदरबोर्डला जाणारा मुख्य कनेक्टर २० किंवा २४ पिनांचा नसेल, तर पुढे दिलेली रंगांची यादी त्याला लावू नये.

दोष एसएमपीएसचा आहे, असे कशावरून?

या लक्षणांवरून एसएमपीएसवर संशय घ्यायला जागा आहे :

- बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवाही लागत नाही.
- पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो.
- दोन-चार वेळा बटण दाबल्यावर किंवा काही वेळ वाट पाहिल्यावरच कॉम्प्युटर सुरू होतो.
- गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठी प्रिंट सुरू करताच तो रीस्टार्ट होतो.
- जळका वास येतो, बारीक चिरचिर ऐकू येते किंवा कॅबिनेटची मागची बाजू फार तापते.

काही लक्षणे मात्र फसवी असतात. प्रत्येक वेळी तारीख-वेळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते किंवा बीप वाजते, तेव्हा आधी रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबरने हलकेच पुसावेत. या दोन साध्या गोष्टी न पाहता अनेक चांगले एसएमपीएस बदलले जातात.

आधी ही पथ्ये पाळा

एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीची डीसी केल्यावर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. हा झटका जीवघेणा ठरू शकतो. या लेखातली सगळी तपासणी डबा बंद ठेवून, बाहेर आलेल्या तारांवर करायची आहे.

हात आणि जमीन कोरडी असावी, पायात चप्पल असावी. तारा काढताना आणि लावताना प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते. जळका वास, धूर किंवा आतून कडकड आवाज आला असेल, तर कोणतीही तपासणी न करता तो एसएमपीएस बाद करावा.

पायरी १ : सुरुवात भिंतीपासून

कॅबिनेटला हात लावण्याआधी वीज तिथपर्यंत पोहोचते का ते पाहावे. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघावा. एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड आणि यूपीएस मधून काढून कॉम्प्युटरची केबल थेट भिंतीत लावावी. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर लाईट नुसती मिचकली तरी कॉम्प्युटर बंद पडतो आणि दोष एसएमपीएसच्या माथी येतो. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा तशीच असते. ती काढून कॅबिनेटला लावून पाहावी. एसएमपीएसच्या मागचे लहान काळे बटण चालू आहे का, हेही बघावे. साफसफाई करताना ते नकळत बंद होते.

जुन्या काही एसएमपीएसवर मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल सरकते बटण असते. आपल्याकडे ते कायम २३० वरच हवे. ११५ वर ठेवून प्लग लावला तर क्षणात मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळू शकतो.

आता व्होल्टेज. एटीएक्स मानकानुसार २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेला एसएमपीएस १८० ते २६५ व्होल्टच्या दरम्यान चालायला हवा. डीपीपासून लांब असलेल्या घरात, शेतातल्या मोटारी सुरू असताना किंवा संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागल्यावर व्होल्टेज याच्या खाली जाऊ शकते. ते पाहण्याचा सुरक्षित उपाय म्हणजे सॉकेटमध्ये थेट लावायचा डिजिटल व्होल्टमीटर. स्टॅबिलायझर किंवा यूपीएसच्या पडद्यावरचा इनपुट आकडाही चालतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे तीन वेळचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. सॉकेटमध्ये मल्टीमीटरच्या सुया घालण्याचे काम सवय नसलेल्याने करू नये, त्यासाठी वायरमन बोलवावा.

पायरी २ : जांभळी तार काय सांगते?

इथून पुढे साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो. काळी सुई "कॉम" लिहिलेल्या छिद्रात आणि लाल सुई व्होल्टच्या छिद्रात लावावी. १० अँपिअर लिहिलेल्या छिद्रात लाल सुई ठेवून व्होल्टेज मोजायला गेल्यास शॉर्ट सर्किट होते. गोल बटण डीसी २० व्होल्टवर फिरवावे.

कॉम्प्युटर बंद असतानाही, प्लग लावलेला असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. जांभळ्या तारेवर तो सतत ५ व्होल्ट देत राहतो. पुढचे बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळते ते याच विजेमुळे. म्हणून काहीही न काढता, २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने काळी सुई काळ्या तारेच्या पिनेला आणि लाल सुई जांभळ्या तारेच्या पिनेला टेकवावी. सुयांची टोके एकमेकांना किंवा दोन शेजारच्या पिनांना एकदम लागू देऊ नयेत.

आकडा ४.७५ ते ५.२५ यांमध्ये असेल तर हा भाग ठीक आहे. आकडा शून्य आला आणि भिंतीत वीज आहे, तर एसएमपीएस मेलेला असण्याची दाट शक्यता आहे. मदरबोर्डमधल्या शॉर्टमुळेही असे होते, म्हणून कनेक्टर काढून पुन्हा एकदा मोजावे. तीन-साडेतीन व्होल्ट आले तर "दहा वेळा बटण दाबल्यावर चालू होतो" या तक्रारीचे कारण बहुधा सापडले.

जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट व्यवस्थित आहेत तरी कॉम्प्युटर उठत नाही, तेव्हा कॅबिनेटचे बटणच खराब झालेले असू शकते. मदरबोर्डवर त्या बटणाची वायर जिथे लागते, त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहाव्यात. कॉम्प्युटर सुरू झाला तर खर्च फक्त एका बटणाचा.

पायरी ३ : मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालू करणे

दोष मदरबोर्डचा की एसएमपीएसचा, हे वेगळे करण्यासाठी एसएमपीएस एकटा चालवून पाहतात. मुख्य कनेक्टरमधली हिरवी तार म्हणजे त्याचे "चालू हो" असे सांगणारे बटण. ती काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस सुरू होतो.

१. प्लग काढा आणि कॅबिनेटचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज बराचसा निघून जातो.
२. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि कामाची हार्ड डिस्क यांना गेलेल्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काढा.
३. एखादी जुनी, बिनकामाची हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह किंवा कॅबिनेटचा पंखा जोडून ठेवा. अजिबात लोड नसेल तर काही एसएमपीएस सुरूच होत नाहीत किंवा चुकीचे आकडे दाखवतात.
४. पाच-सहा सेंटिमीटरची, दोन्ही टोके सोललेली वायर घ्या. एक टोक हिरव्या तारेच्या आणि दुसरे शेजारच्या काळ्या तारेच्या छिद्रात घट्ट बसवा.
५. वायर नीट बसली आहे याची खात्री करून मगच प्लग लावा आणि बटण चालू करा.
६. तपासणी झाली की आधी प्लग काढा, मग वायर.

बरेच जण इथे कागदाला लावायची क्लिप वापरतात. ती चालते, पण उघडी असल्याने सरकून दुसऱ्या पिनेला लागू शकते. हिरव्या तारेतला करंट अगदी कमी असतो. पिवळी तार चुकून काळीला जोडली गेली तर मात्र ठिणगी उडते आणि साध्या एसएमपीएसमध्ये वायर वितळूही शकते. काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या तारा काळ्याच असतात. तिथे अंदाज करू नये. कंपनीच्या माहितीपत्रकातली आकृती पाहून २४ पिनांपैकी १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना शोधाव्यात.

एसएमपीएसचा पंखा फिरू लागला म्हणजे तो जिवंत आहे. चांगला आहे, असे अजून म्हणता येत नाही. पंखा फिरवायला फार थोडी वीज पुरते. उलट, काही महागड्या एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना मुद्दामच बंद ठेवलेला असतो. निकाल आकड्यांवरच लावावा.

पायरी ४ : रंगाप्रमाणे आकडे मोजा

काळी सुई कोणत्याही काळ्या तारेवर ठेवून लाल सुईने एकेक रंग मोजावा. एटीएक्स मानकाप्रमाणे १२, ५ आणि ३.३ व्होल्टला ५ टक्क्यांची सूट आहे, तर निळ्या तारेला १० टक्क्यांची.

- पिवळी : १२ व्होल्ट (११.४० ते १२.६०)
- लाल : ५ व्होल्ट (४.७५ ते ५.२५)
- नारिंगी : ३.३ व्होल्ट (३.१४ ते ३.४६)
- जांभळी : ५ व्होल्ट (४.७५ ते ५.२५)
- निळी : उणे १२ व्होल्ट (उणे १०.८ ते उणे १३.२)
- करडी : ५ व्होल्टच्या आसपास

सगळ्यांत महत्त्वाची पिवळी, कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टवरूनच घेतात. करडी तार वेगळ्या कामाची आहे. बाकीचे व्होल्टेज स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलीसेकंदांनी एसएमपीएस तिच्यावर "सगळे ठीक" असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला थांबवून ठेवतो. पंखे फिरतात पण पुढे काहीच घडत नाही आणि करडी शून्यावर आहे, तर कारण इथेच आहे.

पायरी ५ : खरी परीक्षा लोडवर

मोकळ्या एसएमपीएसचे आकडे चांगले येणे म्हणजे रिकामी बैलगाडी सहज ओढणे. भरलेली गाडी ओढता येते का, हे पाहायचे तर सगळ्या वायरी परत जोडून कॉम्प्युटर सुरू करावा. हार्ड डिस्कसाठीचा चार पिनांचा एखादा पांढरा कनेक्टर बहुधा रिकामा असतो. त्यात एक पिवळी, एक लाल आणि मधे दोन काळ्या तारा असतात. काळी सुई काळीत, लाल सुई पिवळीत घालून आकडा पाहावा.

आधी कॉम्प्युटर नुसता चालू असताना, मग गेम किंवा मोठा व्हिडिओ चालवून मोजावे. १२.१० वरून ११.९० पर्यंत उतरला तर काळजी नाही. तो ११.४० च्या खाली गेला, किंवा लोड पडताच कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएसचे दिवस भरले असे समजावे. हीच मोजणी संध्याकाळी, भिंतीतले व्होल्टेज कमी असताना पुन्हा करावी. "घरी बंद, दुकानात चालू" या कोड्याचे उत्तर बहुधा या दुसऱ्या मोजणीत मिळते. भिंतीत २२५ असताना पिवळी १२ दाखवते आणि भिंतीत १८५ असताना ११.२ दाखवते, तर दोष एसएमपीएसचा, कारण १८५ वर त्याने काम करायला हवे. भिंतीतच १६० असतील, तर मात्र नवा एसएमपीएस घेऊनही उपयोग होईलच असे नाही. तिथे महावितरणकडे तक्रार आणि तोवर चांगला स्टॅबिलायझर किंवा यूपीएस, हाच मार्ग आहे.

घरी काय कळत नाही?

मल्टीमीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवर सेकंदाला हजारो वेळा होणारी थरथर, जिला रिपल म्हणतात, त्याला दिसत नाही. मानकात १२ व्होल्टसाठी तिची मर्यादा १२० मिलीव्होल्ट, तर ५ आणि ३.३ व्होल्टसाठी ५० मिलीव्होल्ट आहे. ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. आतले कॅपॅसिटर जुने झाले की ही थरथर वाढते. आकडे बरोबर असूनही कॉम्प्युटर मधूनच अडकत असेल आणि रॅम, हार्ड डिस्क ठीक असतील, तर ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

लाईट गेली, इन्व्हर्टर आहे, तरी कॉम्प्युटर बंद का?

वीज गेल्यावर एसएमपीएस आतल्या कॅपॅसिटरच्या जोरावर थोडा वेळ तग धरतो. मानकाप्रमाणे हा वेळ सुमारे १६ मिलीसेकंद असतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनही पूर्ण होत नाही. तेवढ्यात इन्व्हर्टरने ताबा घेतला तर कॉम्प्युटर चालू राहतो, नाहीतर बंद पडतो. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बऱ्याचदा "नॉर्मल" आणि "यूपीएस" असे बटण असते. कॉम्प्युटर जोडलेला असेल तर ते "यूपीएस"वर ठेवावे, त्यात बदल लवकर होतो. तरीही कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर एसएमपीएसचा कॅपॅसिटर कमजोर झाला असण्याची शक्यता आहे.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही सर्रास ऐकू येते. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा असतो. सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल, तर तो हातातून वाट काढतो. नवा एसएमपीएस आणून हे थांबत नाही. वायरमनकडून घराचे अर्थिंग करून घ्यावे. झटका जोराचा असेल तर आत खरोखरच गळती असू शकते, तेव्हा कॉम्प्युटर वापरू नये.

सातपुड्यात पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की प्लग तर काढावाच, इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. विजेचा दाब त्या वाटेनेही येतो. उन्हाळ्यात धुळीने भरलेला एसएमपीएस लवकर तापतो. महिन्यातून एकदा प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडली तरी पुरते.

नवा घ्यायची वेळ आली तर

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटवर जाऊ नये. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. समोर १६ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर मिळणारी खरी ताकद १९२ वॅट, मग खोक्यावर ४५० का लिहिलेले असेना. "८० प्लस"चे चिन्ह असेल तर तो ठरलेल्या लोडवर किमान ८० टक्के कार्यक्षम असतो, म्हणजे वीज कमी वाया जाते आणि उष्णताही कमी होते. जिथे व्होल्टेज वरखाली होते तिथे इनपुटसमोर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस घेणे शहाणपणाचे. २०० ते २४० लिहिलेला तिथे लवकर अडतो.

जुना एसएमपीएस जाळून त्यातले तांबे काढू नये. त्याचा धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवा. दुकानदार जुना परत घेतो का, हे नवा घेतानाच विचारावे.

आणि शेवटी दुकानात जावेच लागले, तर कॅबिनेटसोबत एक चिठ्ठी न्यावी. तिन्ही वेळचे भिंतीतले व्होल्टेज, जांभळ्या तारेचा आकडा, पिवळ्या तारेचे नुसते चालू असतानाचे आणि लोडवरचे आकडे, आणि कॉम्प्युटर नेमका कधी बंद पडतो, एवढेच तिच्यात हवे. ती चिठ्ठी हातात असली की दुकानदाराला कुठे पाहायचे ते कळते, आणि घाट दुसऱ्यांदा उतरण्याची वेळ सहसा येत नाही.